आईच्या पाटल्या राहू द्या

आई, बाबा, नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही, बाबा दोन मिनिटं ऐकतात आणि "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आई तू पैशाचा विषय निघाला की जेवलीस का तेच विचारतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय. धाकट्याला वाचून दाखवायला सांगा, सावकाश वाच म्हणावं.

परवा आई तू म्हणालीस ना की पाटल्या मोडू पण कॅमेरा घे, ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. दिवाळीत मी त्या मोठ्या कॅमेऱ्याची किंमत साडेतीन लाख आहे असं बोलून गेले आणि तुम्ही दोघांनी तो आकडा मनात धरून ठेवला. आता बाबा म्हणतायत की घरात ठेवलेलं सोयाबीन मोंढ्यावर नेऊन टाकतो, भाव नसला तरी. नका करू असं. तो कॅमेरा मला नकोय, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, खरंच नकोय.

आम्हाला वर्गात दादासाहेब फाळक्यांचं शिकवलं, १९१२ साली ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, घरात त्यांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, वर रात्री बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं कामही त्याच करायच्या. ते ऐकताना मला तूच दिसत होतीस आई. पण त्यांना दुसरा रस्ताच नव्हता, सगळं बाहेरून आणावं लागायचं. मला रस्ता आहे, तर मग मी तुझ्या हातातलं कशाला घेऊ.

सगळ्यात आधी मी काय घेणार माहितीय का, माइक. कॉलरला लावायचा, बोया कंपनीचा, हजाराच्या आत येतो, सहा मीटर वायर असते. बाबा, मागच्या उन्हाळ्यात मी शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली बसवून तुम्हाला बहात्तरच्या दुष्काळाचं बोलतं केलं होतं, तुम्ही दहा वर्षांचे होतात, आजीसोबत खडी फोडायला जायचात, मिलोच्या, म्हणजे त्या बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, कामावर मिळायची ती सुकडी, सगळं सांगितलंत तुम्ही, चाळीस मिनिटं. तसं तुम्ही आधी कधीच बोलला नव्हता. इथं येऊन मी ते वर्गात लावलं तर नुसता वारा आणि शेजारच्या मोटरीची घरघर, तुमचा आवाज मधेच कुठंतरी येतो आणि जातो. सर म्हणाले चित्र हललं तर लोक बघतात, पण ऐकू आलं नाही की उठून जातात. मी त्या दिवशी रूमवर येऊन रडले. मोबाईल तुमच्यापासून आठ हात लांब ठेवला होता मी, चूक एवढीच. माइक छातीशी असता तर जुन्या मोबाईलमधेसुद्धा सगळं स्वच्छ आलं असतं. चित्र कॅमेऱ्यात आणि आवाज मोबाईलमधे वेगळा रेकॉर्ड करायचा, सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवायची आणि नंतर कॉम्प्युटरवर टाळीला टाळी जुळवायची, झालं.

कॅमेरा मी जुना घेतेय. कॅनन २०० डी मार्क टू, १८-५५ लेन्ससकट अडतीस हजार सांगतायत. स्क्रीन बाजूला उघडून फिरवता येते, माइकची जागा आहे, आणि मला फुल एचडी पुरतं. लोक ४के ४के करतात, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, पण या कॅमेऱ्यात ४के लावलं की चित्र कडेनं कापलं जातं, फोकसही तितका पटकन लागत नाही, आणि थेटरातलं २के चित्र २०४८ बाय १०८० ठिपक्यांचं असतं, फुल एचडी १९२० बाय १०८०, म्हणजे उंचीला सारखंच आणि रुंदीला थोडंसं कमी. वर फुल एचडीला तासाला तेरा-चौदा जीबी लागतात, ४केला पन्नासच्या वर, ते ठेवायचं कुठं? फक्त मी आता सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवून शूट करणार, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे ना, नाहीतर ट्यूबलाईटमधे पट्टे येतात, मामाच्या घरच्या व्हिडिओत आले होते तसे.

जुना घ्यायचा म्हणजे डोळे उघडे ठेवून घ्यायचा, बाबा तुम्ही बैल घेताना दात बघता तसं. किती फोटो काढलेत ते आकड्यात कळतं, पण लग्नात तासन् तास व्हिडिओ काढला असेल तर तो त्या आकड्यात येत नाही, म्हणून लग्नवाल्याचा नकोच. लेन्समधे टॉर्च मारून बुरशीचं जाळं आहे का बघायचं. मुंबईच्या दमट हवेतल्या लेन्सला बुरशी लागायची भीती जास्त, आपल्याकडची हवा कोरडी आहे ते बरंय, त्यामुळे मी जालन्यातल्या एका मुलाकडचा बघितलाय. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या भागावर डाग आहेत का तेही पाहिलं, एक छोटासा आहे, पुसला की जाईल. सोबत ५० एमएमची १.८ वाली लेन्स, तीही जुनी, साडेसहा हजारात. आपल्या स्वयंपाकघरातल्या एका बल्बच्या उजेडातसुद्धा तिच्यानं चित्र येतं. उजेड परतवायचा रिफ्लेक्टर मात्र विकत घेणार नाही, पांढरा थर्माकोल पुरतो.

खरा खर्च कॉम्प्युटरचा आहे. लॅपटॉप नको, तेवढ्याच पैशात ताकद कमी मिळते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो तापला की हळू चालतो. डेस्कटॉप जुळवून घेतेय, रायझन ५, १६ जीबी रॅम, दोन खाचा रिकाम्या ठेवायच्या म्हणजे पुढं वाढवता येईल, एक टीबीची एसएसडी, आणि १२ जीबीचं ३०६० ग्राफिक्स कार्ड, कारण मी ज्याच्यावर एडिट करते ते डाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअर बराचसा भार कार्डावर टाकतं. त्याची फुकटची आवृत्ती मला पुरून उरते, एडिटिंग, रंग, आवाज सगळं त्यातच. दुकानात चोरीचं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणाले, मी नाही म्हटलं. जड फुटेज अडकायला लागलं तर त्याची हलकी कॉपी काढून तिच्यावर कापायचं आणि शेवटी मूळ जोडायचं, त्यामुळे महागडं मशीन लागत नाही. हे सगळं बासष्ट हजार, मॉनिटर नऊ. यूपीएस घेतेय साडेतीन हजाराचा, लाईट गेली तरी सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळावा म्हणून. आणि दोन हार्डडिस्क, कारण माझ्या वर्गातल्या एकाची डिस्क गेली आणि वर्षभराचं काम गेलं, तो अजून सावरला नाही. एक माझ्याकडे राहील आणि दुसरी आई तुझ्या पेटीत, पाटल्यांच्या शेजारी ठेव.

ट्रायपॉड, बॅटऱ्या, कार्ड धरून सगळं एक लाख चाळीस हजारांच्या आसपास जातंय. माझ्याकडे ब्याऐंशी आहेत, नोकरीतले उरलेले आणि लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगचे. बाबा, मला साठ हजार उसने पाहिजेत, आणि तेही आत्ता नाही, सोयाबीनला भाव आला की तेव्हा. तोपर्यंत माइक, कॅमेरा आणि लेन्स घेते, कॉम्प्युटर कॉलेजचा वापरते, रात्री आठनंतर तो रिकामाच असतो. दर महिन्याला पाच हजार परत देईन, आणि ते तुम्ही घ्यायचे, "राहू दे" म्हणायचं नाही.

आई तू विचारलंस की माझ्याबरोबरची पोरं मोठमोठे कॅमेरे आणतात मग तुला कमीपणा वाटत नाही का. पहिल्या सहामाहीत वाटायचा, खूप वाटायचा. आता त्या दुष्काळाच्या रेकॉर्डिंगचाच विचार येतो, ते परत करायचंय मला, तुमचा आवाज चांगला आहे तोवर, आणि बाबा तुम्हाला हिवाळ्यात खोकला धरतो म्हणून ते आत्ताच करायचंय.

शनिवारी दुपारच्या गाडीनं सेलूला उतरते, धाकट्याला स्टेशनवर पाठवा. शेजारच्या काकांना सांगून ठेवा की रविवारी सकाळी सात ते नऊ मोटर बंद ठेवा म्हणावं, बदल्यात मी त्यांच्या नातवाचे फोटो काढून देईन. बाबा, तो खिशाचा पांढरा सदराच घाला, माइक त्याच्या काजाला नीट लागतो.

तुमची
ताई