जुनी कपाटं भंगारात देऊ नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर नवा ओटा दाखवता दाखवता बाबांनी फोन व्हरांड्यात नेला आणि स्वयंपाकघरातली जुनी कपाटं एकावर एक रचलेली दिसली. बाबा, भंगारवाला दोनशेच रुपये म्हणाला म्हणून तुम्ही त्याला परत लावलंत, ते एका अर्थी बरंच झालं. मला ती कपाटं हवी आहेत. म्हणजे तुमच्याच घरात हवी आहेत.

आई, गेल्या दिवाळीत सोऱ्या काढायला तू स्टुलावर चढलीस आणि मनगट मुरगळण्यावर निभावलं. आपल्याकडे लागणारं सामान माळ्यावर आणि रिकाम्या बरण्या हाताशी! यापुढे जड काहीही खांद्याच्या खालीच राहील, एवढंच मला हवंय.

बाबा, आधी प्रत्येक कपाटाची कड बघा. थरावर थर दिसले तर प्लायवूड. भुसा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. ते पाणी पिऊन एकदा फुगलं की स्क्रू धरत नाही. सिंकखालचं तसंच झालंय, ते खुशाल द्या. बाकीच्यांवर टकटक करा. पोकळ वाजलं किंवा मातीची रेघ दिसली तर वाळवी आहे, ते घरात आणूच नका.

भिंतीवरची दोन कपाटं जेमतेम १२ इंच खोल आहेत, त्यामुळे बोळात वाट अडणार नाही. ती टांगायची नाहीत, खिडकीखाली जमिनीवरच ठेवायची. सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी परात तिथे. कलंडू नयेत म्हणून सुतार ती भिंतीला पकडेल, पण मागच्या पातळ फळीतून स्क्रू मारू देऊ नका, फाटून येतो. आतून आडवी पट्टी लावायला सांगा. गोल मुठी मात्र बदला. चिमटीत धरायला आईची बोटं दुखतात, अख्खा पंजा जाईल अशी कडी हवी.

आजीचं जाळीचं कपाट आठवतं? मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. दूधदुभतं फ्रिजमध्ये गेल्यावर त्यात माझ्या वह्या आल्या, नंतर बाबांचे खिळे-मोळे. तेव्हा ‘स्वयंपाकघरातलं कपाट बाहेर कसं दिसेल’ हे आईने मला सांगू नये.

राहिलं फ्रिजवरचं बुटकं कपाट. ते दाराशी हवं: आत चपला, वर बसून बूट घालायचे. बाबांची एका पायावरची कसरत थांबेल. पण टांगायचं कपाट माणसाचं वजन पेलायला केलेलं नसतं, म्हणून मध्ये एक उभी फळी आणि वर जाड प्लाय लागेल. फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून खाली पायही हवेत. इथेच माझं अडलंय. कपाट १८ इंचांचं, प्लाय आणि पाय धरून २० च्या वर जाईल आणि आईचे पाय लोंबकळतील. सुताराला बोलावण्याआधी आईला खुर्चीवर बसवा, टाचा जमिनीला टेकवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागपर्यंतची उंची मोजा, बाबा. ती किती इंच भरते, ते रविवारी सांगा.

तुमची,
ताई