जर्मनीत नवीन आलेल्यांसाठी, बँक अकाउंटबद्दल

मंडळी, या सेमिस्टरला बरेच नवीन मेंबर आलेत आणि इथे बँक अकाउंट कसं उघडायचं हा एकच प्रश्न रोज येतोय म्हणून एकदाच सगळं लिहिते. आधी राहत्या जागेचं आनमेल्डुंग (म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी) उरकून घ्या, त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, तो चावी घेतानाच मागा, नंतर मालक फोन उचलत नाहीत. मग पासपोर्ट आणि आनमेल्डुंगचा कागद दाखवून गिरोकोंटो, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं, उघडायचं. ऑनलाइनवाल्या बँका व्हिडिओ कॉलवर ओळख पटवतात नाहीतर पोस्टात जायला सांगतात.

आणि लेटरबॉक्सवर स्वतःचं आडनाव चिकटवा!! कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी येतात, आणि आपल्यासारखा फ्लॅट नंबर पत्त्यात सहसा नसतोच, पोस्टमन नाव बघतो, नाही दिसलं की पाकीट परत.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरलेल्यांना महिन्याला ९९२ याच खात्यात मिळणार, तेव्हा आयबॅन (इथला खाते क्रमांक) टाकताना २२ च्या २२ अक्षरं-आकडे तपासा.

अजून एक, भारतातलं सेव्हिंग अकाउंट एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करून घ्यायचं असतं, स्टुडंट्सनीसुद्धा. आईबाबांना बँकेत पिटाळण्याआधी फॉर्मवर तुमची सही लागेल ते बघा.