सराव पाठ शेवटच्या वर्षावर ढकलू नका

महोदय,

चित्रकलेची किंवा शिल्पकलेची पदवी आणि कलाशिक्षकाचे प्रशिक्षण एकाच अभ्यासक्रमात द्यायचे, तर दोन्ही सुरुवातीपासून बरोबरीने चालली पाहिजेत. सगळे सराव पाठ, म्हणजे शाळेतल्या वर्गावर प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, शेवटच्या सत्रात घातले की ते नेमके पदवी प्रदर्शनाच्या तयारीवर येतात. जाड तैलरंग वाळायला कित्येक आठवडे घेतो. मातीचे काम ओले असताना भट्टीत गेले, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फुटते. दिवसभर शाळेत असलेल्या छात्राध्यापकाला ही कामे रात्रीत उरकता येत नाहीत; मग चित्र तरी अर्धवट राहते, नाहीतर पाठ.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. स्टुडिओत एका लिनोकटला, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेल्या छापाला, आठवडा देता येतो. वर्गात ४० मुले आणि ४० मिनिटांची तासिका असेल, तर साहित्य वाटायला ५, प्रात्यक्षिकाला ५ आणि आवरायला १० मिनिटे जातात. मुलांच्या हाती उरतात २०. चाळीस जणांना एकदम कोरण्या दिल्या तर एकट्या शिक्षकाचे लक्ष पुरत नाही. दहा-दहांचे गट केले, तर प्रत्येकाची कोरण्याची एक पाळी व्हायलाच चार तासिका लागतात. हे गणित पाठ टाचणात आधी मांडावे लागते. लिनो थोडा कोमट केला की कोरणी घसरत नाही, धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे हवा, अक्षरे उलटी कोरायची, हे छात्राध्यापकाला माहीत असते. पण पाच मिनिटांत यातले काय दाखवायचे आणि काय पुढच्या तासिकेला ठेवायचे, हे वर्गात उभे राहूनच कळते.

मुलांची चित्रे वाचणेही असेच शिकावे लागते. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या मुलांच्या चित्रांच्या टप्प्यांनुसार साधारण ७ ते ९ वर्षांचे मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढून सगळे तिच्यावर उभे करते. आकाश म्हणजे वरचा निळा पट्टा. यथार्थदर्शनात (दूर-जवळचे अंतर दाखवणाऱ्या रेखाटनात) मुरलेला छात्राध्यापक तिथे ‘चूक’ दुरुस्त करायला जातो. ती चूक नसते, आणि मुलाचा हात मात्र आखडतो.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातला अर्धा दिवस शाळेत जावा, आणि त्या सत्रात स्टुडिओत चालू असलेले तंत्रच तिथे शिकवावे. शेवटचे सत्र प्रदर्शनासाठी मोकळे ठेवावे. सराव पाठाचे निरीक्षण शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर स्टुडिओतल्या शिक्षकांनीही करावे. कोरणी चुकीची धरलेली त्यांनाच आधी दिसते.

— एक कलाशिक्षक