जानेवारीची सहल सप्टेंबरात ओढणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं मामाच लिहिते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सकाळी खुरपं घेऊन बसलेले मामा म्हटलं की ओळखणारे ओळखतीलच. पत्र उघड लिहितेय, कारण कोल्हापुरात दर वर्षी माझ्यासारख्या कितीतरी बाई आणि मास्तर सहलीची यादी हातात घेऊन हिंडत असतात. त्यांनाही तुमचं म्हणणं कळावं.

जुलैत मी पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याकडे छापील नियोजन होतं. सहावीची ५२ मुलं, दोन तास, ४० झाडं, प्रत्येकाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि उपयोग. तारीख जानेवारीची, कारण आमच्याकडे सहली जानेवारीतच निघतात. तुम्ही कागद उलटा धरलात की सुलटा ते मला दिसलं नाही, पण परत दिलात लगेच. "बाई, जानेवारीत कंदील झोपल्याला असतोय. कुंडीत नुसती माती आन पाटी. पाटी बघायला पोरं कशाला आणताय?"

कंदील म्हणजे कंदीलपुष्प, कुणी खर्चुडी म्हणतं. ही वेल पावसाळ्यात उगवते, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते आणि पाऊस सरला की वर काही उरत नाही, जमिनीत कंद तेवढा राहतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. सहलीच्या तारखेशी त्याचा काही संबंध असतो हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. या वेलींच्या कित्येक जाती फक्त आपल्या सह्याद्रीत सापडतात आणि विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. म्हणजे जगात जी गोष्ट बघायला लोक इथे येतील, ती नसतानाच्या महिन्यात मी मुलं आणणार होते.

सप्टेंबर म्हटल्यावर शाळेत कुरकुर झाली. चाचणी, गणपती, पाऊस. मुख्याध्यापकांना कसं पटवलं ते इथे सांगत नाही, अर्धं खोटं होतं.

मग तुम्ही मला एकटीला घड्याळ लावून चालवलंत. फाटकापासून नळापर्यंत किती मिनिटं, स्वच्छतागृह कुठे, पाऊस आला तर ५२ जणं कुठल्या छपराखाली मावतील. आमच्या वर्गात एक मुलगा कुबडी घेऊन चालतो. त्याच्यासाठी तुम्ही चिखलाची वाट सोडून दुसरी वाट काढलीत, आणि वर म्हणालात, सगळ्यांनाच तिकडनं न्या, एकट्याला नको. माझ्या ४० झाडांतली ३६ तिथेच गळाली. राहिले साग, रिठा, वड आणि कंदील.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात तांबडे होतात. एवढं केल्यावर मुलं जी तुमच्या मागे लागली, ती शेवटपर्यंत. रिठ्याची टरफलं बाटलीत घालून हलवायला दिलीत, फेस आमच्या बसपर्यंत आला. फुलं तोडू नका असं मी सुरू केलं, तर तुम्ही मध्येच म्हणालात, "खाली पडल्यालं तुमचं, झाडावरचं झाडाचं." मला त्या दिवशी एकदाही ओरडावं लागलं नाही. हे माझ्या सहकाऱ्यांना अजून खरं वाटत नाही.

कंदिलापाशी मी थोडी शिक्षकगिरी केलीच. लीनियसनं १७५३ मध्ये याला सेरोपेजिया नाव दिलं, त्याचा अर्थ मेणाचं कारंजं, वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "त्याच्याकडं कंदील नसंल." मुलं हसली, मीही हसले.

मग तुम्ही एक सुकत आलेलं फूल उभं चिरलंत. वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, खाली नळी, नळीत खाली वळलेले केस. वासाला भुलून चिलट आत घसरतं, केसांमुळे वर येता येत नाही. नंतर केस कोमेजतात, फूल कलतं आणि चिलट परागांची पुडकी अंगाला चिकटवून बाहेर पडतं, ते पुढच्या कंदिलात अडकायला. भिंगातून तळाशी दोन चिलटं दिसली, त्यातलं एक हललं. फळ्यावर मी हे तीन वेळा काढलंय. कुणी कधी "सोडा त्याला" असं ओरडलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी, जी वर्गात हजेरीलाही जेमतेम "हजर" म्हणते, बोलली, "आमच्या गावाकडं डोंगरावर ह्येचं कंद उकरून खात्यात." मला वाटलं, आता तुम्ही रागवाल. कंद खणून नेल्यानंच तर ही वेल कमी होत चाललीय. तुम्ही विचारलंत, "गोड लागतोय नव्हं? म्या बी खाल्लाय." मग तिच्याशेजारी उकिडवं बसून, कुठला डोंगर, कुठल्या बाजूला, अजून दिसतो का, सगळं विचारलंत. ती पाच मिनिटं बोलत होती. आम्ही बाकीचे उभे. शेवटी तीच म्हणाली की आता पहिल्यासारखा मिळत नाही. मी सांगितलं असतं तर तो धडा झाला असता.

मामा, मी तुम्हाला पाकीट द्यायला लागले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात आणि चहा पाजलात तो पाजलात, पैसेही तुम्हीच दिलेत. त्याचा हिशोब बाकी आहे.

सोबत मुलांची चित्रं आहेत. बऱ्याच जणांनी चिलट फुलापेक्षा मोठं काढलंय. त्या मुलीला जानेवारीत मातीची कुंडी आणि पाटीच बघायची आहे, कंद खाली खरंच असतो का ते विचारायला. तिला आणि आणखी चौघांना घेऊन एका शनिवारी येईन. तुमचं भिंग एकाच्या दप्तरात सापडलं, तेही तेव्हाच आणते.

तुमची,
सहावीच्या बाई