तक्रार: वर्ल्ड चार दिवस मागे नेलंत, आता बाजाराचा हिशोब कोण लावणार?

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,
गेम सर्व्हर होस्टिंग विभाग

विषय: माईनक्राफ्ट (ठोकळ्यांनी खणायचा-बांधायचा गेम) सर्व्हर, वार्षिक प्लॅन, मुंबई नोड (सर्व्हर चालतो ते तुमचं मशीन). चुकीचा बॅकअप चढवल्याबद्दल.

नमस्कार,

माझं तिकीट तुम्ही दोनदा "सॉल्व्ह्ड" मारून बंद केलंत म्हणून हे रीतसर पत्र लिहितोय, आणि थोडं लांब होणार आहे कारण चॅटवर जो कोणी बसतो त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि तो शेवटी सर्व्हर रिस्टार्ट करून बघा म्हणतो.

तुमचं म्हणणं एवढंच की सर्व्हर ऑनलाइन आहे, पोरं जॉईन होतायत, मग प्रॉब्लेम काय. प्रॉब्लेम हा की रविवारी रात्री ऐन गर्दीच्या टायमाला तुमचा नोड बसला आणि सोमवारी सकाळी तुम्ही मला एक शब्द न विचारता माझ्या वर्ल्डचा, म्हणजे गेममधल्या आमच्या सगळ्या जगाचा, बुधवार रात्रीचा बॅकअप चढवून मोकळे झालात. प्लॅन विकताना पानावर ठळक अक्षरात "रोजचा ऑटोमॅटिक बॅकअप" लिहिलंय, स्क्रीनशॉट जोडलाय. मग गुरुवार शुक्रवार शनिवारचे कुठे गेले? यावर अजून कोणी तोंड उघडलेलं नाही.

आता चार दिवस गेले तर गेले, पोरं परत खणतील, असं तुमच्या एका माणसाने मला खरंच लिहिलं. साहेब, हा नुसता खणायचा सर्व्हर नाही, इकॉनॉमी सर्व्हर आहे. वर्ल्डमध्ये बाजार आहे, प्लेअरची चेस्ट शॉप (पेटीतून माल विकायची दुकानं) आहेत, लिलाव आहे, प्लॉटला दर आठवड्याला टॅक्स आहे. वर्ल्ड आणि प्लेअरच्या खिशातलं सामान फोल्डरमध्ये सेव्ह होतं, पण कोणाच्या खात्यात किती कॉईन आहेत ते डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेस तुम्हीच दिलेल्या दुसऱ्या मशीनवर. ते मशीन बसलंच नव्हतं. म्हणजे तुम्ही काय केलंत तर दुकानातला माल बुधवारचा ठेवलात आणि गल्ल्यातले पैसे रविवारचे. दोन्ही बुधवारला नेलं असतंत तरी मी शिव्या खाऊन घेतल्या असत्या, सगळ्यांचं सारखंच नुकसान झालं असतं. हे अर्धवट जे केलंत त्याने वाट लागली.

उदाहरण देतो. एकाने शुक्रवारी शल्कर बॉक्स (गेममधल्या सामानाच्या पेट्या) भरभरून हिरे अॅडमिन शॉपला, म्हणजे सर्व्हरच्याच दुकानाला, विकले. त्याचे कॉईन खात्यात तसेच, आणि सोमवारी लॉगिन करून बघतो तर शल्कर पण चेस्टमध्ये परत जागच्या जागी. त्याने काय केलं असेल? परत विकले, अजून काय करणार, आणि त्याला मी कुठल्या तोंडाने चीटर म्हणू, त्याने काहीच हॅक केलेलं नाही. त्याचं बघून बाकीच्यांच्या लक्षात आलं, आणि मी उठून सर्व्हरला व्हाइटलिस्ट (ठरावीक लोकांनाच आत सोडायची यादी) लावेपर्यंत दुपार झाली होती, तोवर बाजारात एवढे कॉईन आले की शनिवारी ज्या मेंडिंगच्या (हत्यारं दुरुस्त करणाऱ्या जादूच्या) पुस्तकाचा लोक दहा मिनिटं भाव करायचे ते कोणीही किमतीकडे न बघता उचलत होतं. आणि उलट बाजूला एक शाळकरी पोरगा, महिनाभर ऊस आणि भोपळे विकून पैसे साठवून त्याने शनिवारी लिलावात एलिट्रा, म्हणजे उडायचे पंख, घेतला. एंड सिटीच्या जहाजात एकच एलिट्रा मिळतो त्यामुळे त्याला भाव असतो. आता त्याचे पैसे पण गेलेले आणि पंख पण नाहीत, पंख ज्याने विकले त्याच्याकडे परत, पैशासकट. हे मी कसं निस्तरायचं ते तुमच्या नॉलेज बेसमध्ये कुठल्या आर्टिकलला आहे ते तरी सांगा.

बरं बॅकअप तरी धड असावा ना. बाजाराच्या उत्तरेकडच्या बाजूला चंक (जमिनीचे चौकोनी तुकडे) खराब निघाले, आणि खराब चंक सापडला की गेम तिथे नवीन जमीन तयार करतो. आमचं वर्ल्ड लॉकडाऊनमध्ये सुरू केलेलं, गेमच्या १.१६ व्हर्जनच्या वेळचं, आणि २०२१ मध्ये १.१८ आलं तेव्हा जमीन तयार व्हायची पद्धतच बदलली, त्यामुळे सीड (ज्या आकड्यावरून जग तयार होतं तो) तोच असला तरी जमीन तीच येत नाही. आत्ता जाऊन बघा, सपाट बाजारपेठेत मधेच १६ बाय १६ चे दगडी ठोकळे उभे आहेत, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, एका दुकानाचं अर्धं काउंटर शिल्लक आणि अर्ध्यावर डोंगर, पाटी इकडे राहिली चेस्ट तिकडे गेली. माझा अंदाज सांगू? चालू सर्व्हरची कॉपी काढताना आधी सेव्ह-ऑफ (आपोआप सेव्ह थांबवायचं), मग सेव्ह-ऑल (सगळं एकदा लिहून घ्यायचं), मग कॉपी, मग सेव्ह-ऑन (सेव्ह परत चालू), एवढं साधं असतं, ते तुमची स्क्रिप्ट करत नसावी आणि फाईल लिहिली जात असतानाच उचलली गेली असावी. अंदाज चुकीचा असेल तर लॉग दाखवा, मी मान्य करीन.

तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ झालाय, "स्वतःचा बॅकअप का घेतला नाही?" घेतो. दर रविवारी सकाळी उतरवून घेतो. या रविवारी तुमच्या एसएफटीपीचा (फाईली उतरवायच्या सोयीचा) स्पीड एवढा खाली आला होता की डाउनलोड अर्ध्यात तुटलं, ते तिकीट पण तुमच्याकडे दुपारपासून पडून होतं.

आणि हे काही मी मोफत समाजसेवा म्हणून चालवत नाही. टोप्या, पार्टिकल (अंगाभोवतीची चमक), पेट, चॅटमधल्या नावाचा रंग असल्या दिखाऊ गोष्टी विकतो, खेळात फायदा होईल असं काही पैशाने विकत नाही, कारण २०१४ मध्येच गेम बनवणाऱ्या मोजांगने सर्व्हरवाल्यांना ते बंद करायला सांगितलंय. त्यात होस्टिंग निघतं, प्लगइनचे (सर्व्हरला जोडायच्या जादा सोयींचे) पैसे निघतात, बिल्डर पोरांना थोडं देता येतं आणि वर माझं घर चालायला हातभार लागतो. हा धंदा फक्त एका गोष्टीवर चालतो, की आज कमावलेलं उद्या तिथंच असेल. वर्ल्ड रिसेट होतं म्हटलं की कोण टोपी घेतो? या आठवड्यात लोक घेतलेल्या या गोष्टींचे पैसे परत मागतायत आणि मी यूपीआयने परत करतोय, गुपचूप, कारण त्यांची चूक नाही.

यावर तुमची दोन उत्तरं आली ती शेजारी शेजारी ठेवून वाचा जरा. रिफंड मागितला तर म्हणे गेम सर्व्हर हे मनोरंजन आहे, त्यात डेटाची हमी नसते. नुकसानभरपाई विचारली तर म्हणे तुम्ही कमर्शियल वापर करताय, तुम्ही ग्राहकच नाही. अहो एक काहीतरी ठरवा! आणि दुसऱ्या मुद्द्याचं म्हणाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कमर्शियलमध्ये धरत नाहीत, आणि सेवेलाही तोच न्याय लागावा असं माझं म्हणणं आहे. वर दहा टक्क्यांचं कूपन पाठवलंत, तेही पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलवर. ते ठेवा तुमच्याकडेच.

मला काय हवंय ते आता नीट लिहितो. गुरुवार ते शनिवारचा एकतरी बॅकअप तुमच्या कुठल्याही मशीनवर असेल तर तो हवाय, नसेल तर "नाही, घेतलाच नव्हता" असं लेखी हवंय, आणि नोड का बसला तेही लेखी, कारण मला माझ्या प्लेअरना काहीतरी खरं सांगायचंय. बॅकअप मिळाला तर बाकीचं मी करतो, कोअरप्रोटेक्ट या प्लगइनचा लॉग डेटाबेसमध्ये असल्यामुळे वाचलाय, कोणी कुठल्या चेस्टमधून काय काढलं काय ठेवलं सगळं त्यात आहे, रात्री बसून एकेक व्यवहार जुळवीन. तोपर्यंत सर्व्हर प्लेअरना बंद ठेवावा लागतोय त्याचं भाडं मी देणार नाही. आणि बॅकअप नसेल तर वार्षिक प्लॅनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे १८ टक्के जीएसटीसकट ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करा, वॉलेट क्रेडिट चालणार नाही, आणि पूर्ण वर्ल्ड फोल्डर व डेटाबेसचा डंप (पूर्ण कॉपी) उतरवून घेईपर्यंत माझ्या अकाउंटला हात लावू नका.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निकाल एका महिन्यात लावायचा असतो. पोच आली नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करणार आहे, आणि महिन्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तुमच्या अटींमध्ये कोर्ट तुमच्या शहरातलं लिहिलंय ते बघितलं मी, पण नवीन कायद्यात ग्राहक राहतो तिथेही तक्रार दाखल होते, त्यामुळे तारखेला तुमच्या माणसाला सांगलीला यावं लागेल.

बिल, दोन्ही तिकिटांची चॅट, बाजाराचे स्क्रीनशॉट आणि डबल झालेल्या व्यवहारांची एक्सेल शीट सोबत आहे. उत्तर याच ईमेलवर माणसाने लिहिलेलं पाठवा, बॉटचं नको.

आपला (अजून तरी) ग्राहक,
सांगली