आप्पांच्या खाटेशी थांबलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात स्ट्रोकच्या वॉर्डात एका माळकरी म्हाताऱ्याच्या खाटेशी संशोधनासाठी रक्त घेण्याचं संमतीपत्र घेऊन पाऊण तास थांबला होतात, एवढ्यावरून तुम्हाला ओळख पटेल.

आप्पांच्या अंगावरून वारं जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. उजवी बाजू लुळी, बोलणं बोबडं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘ना तंबाखू, ना दारू, गळ्यात माळ. याला कसं झालं?’ आणि आई म्हणायची, घराण्यातच आहे. आजोबा याच दुखण्याने पन्नाशीत गेले. हे ऐकताना माझ्या आणि धाकट्याच्या पोटात गोळा यायचा, पण आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

तुम्हाला हवं होतं फक्त पाच मिली रक्त. सही घेऊन जाता आलं असतं. पण तुम्ही आधीच सांगितलंत, की या अभ्यासातून आप्पांना थेट फायदा नाही आणि नकार दिलात तरी उपचार तसेच चालतील. मग आईजवळ स्टुलावर बसलात आणि एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची गोष्ट सांगितलीत. काही जणांच्यात त्यात एका जागी ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर असतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही तो बदल आला, तर एक विकर (एन्झाइम) मंद चालतं आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य साठू शकतं; ते वाढलेल्यांत स्ट्रोकचा धोका जास्त दिसतो. पण पोटात फोलेट हे जीवनसत्त्व पुरेसं जात असेल तर बहुधा फारसं बिघडत नाही. उलट बी-१२ कमी पडलं, तर हा बदल नसतानाही होमोसिस्टीन वाढतं.

आप्पांचं ४२ निघालं होतं. हवं साधारण १५च्या आत. तुम्ही विचारलंत, ‘घरात दूध किती घेता?’ आईने मान खाली घातली. दारात दोन म्हशी, पण दूध डेअरीला, घरी चहापुरतं. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते दूध-दह्यातूनच, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही काही न बोलता तिचा हात हातात घेतलात.

खोटी आशाही दाखवली नाहीत. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरतं, पण तेवढ्याने पुढचा झटका टळेलच असं नाही, सगळ्यात मोठा धोका बीपीचा, असं म्हणालात. तेव्हा कुठे आईच्या तोंडून निघालं, की बरं वाटतंय म्हणून आप्पांनी वर्षभरापूर्वी बीपीची गोळी सोडली होती. तुम्ही तशाच उठलात आणि डॉक्टरांना घेऊन आलात.

जाताना आम्हा भावांना म्हणालात, ‘तुम्हीही बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. पोटाचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या आत आहे ना, तेही मोजा.’ धाकटा एकतीस वर्षांचा, अंगाने काडी. त्याचं बीपी १६०/१०० निघालं. रोज गोळी घेतो आता, चुकवत नाही.

आप्पा काठी टेकत देवळापर्यंत जातात. एक तांब्या दूध घरात राहतं. तुमचे मनापासून आभार, ताई. पुन्हा रक्त लागलं तर कळवा, या खेपेला आम्हा दोघा भावांचंही घ्या.