विद्यार्थ्यांच्या अक्षरभिंतीसाठी साहित्य आणि वेळ देण्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या कलावर्गातील विद्यार्थी सध्या एक अक्षरभिंत रंगवण्याची तयारी करीत आहेत. देवनागरी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर एका विद्यार्थ्याने रेखाटायचे, दुसऱ्याने त्याचे स्टेन्सिल, म्हणजे अक्षराच्या आकाराची मोकळी जागा असलेला साचा, कापायचे आणि तिसऱ्याने ते भिंतीवर रंगवायचे, अशी या कामाची आखणी आहे. त्यासाठी लागणारे साहित्य मंडळाकडे अपुरे असल्यामुळे हे आवाहन करीत आहोत.

काम तिघांत वाटण्यामागे कारण आहे. पहिल्या सरावात ‘ठ’ कापताना गोलाच्या आतला तुकडा सुटून कापणाऱ्या मुलीच्या हातात आला आणि शीटवर नुसते भोक उरले. स्टेन्सिलमध्ये आतला भाग बाहेरच्या भागाशी धरून ठेवण्यासाठी जोडपट्टी ठेवावी लागते. ती कुठे आणि किती रुंद ठेवायची, हे कापणारीने परस्पर ठरवले तर अक्षराचे वळण बिघडते, आणि फक्त रेखाटणाऱ्याच्या मनाप्रमाणे ठेवली तर ती इतकी नाजूक होते की दोन-तीनदा रंगवताच फाटते. ती दोघे बराच वेळ कागदावर वाकून बसली आणि अखेर, बोरूची रेघ जिथे मुळातच बारीक होते, तिथे त्यांनी जोडपट्टी ठेवली. अक्षररचनेचा हा धडा फळ्यावर देता येत नाही, असे आमचे मत आहे.

शब्द लिहिताना अडचण आणखी वाढते. अखंड शिरोरेषा कापली की दोन अक्षरांमधली शीट वरून सुटी होते, जिभेसारखी उचलली जाते आणि तिच्याखाली रंग शिरतो. त्यामुळे शिरोरेषा ठिकठिकाणी तोडावी लागते आणि तरीही ती डोळ्यांना सलग वाटली पाहिजे. चित्रकार जोसेफ अल्बर्स यांनी १९२०च्या दशकात जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत चौरस, त्रिकोण आणि पाववर्तुळ एवढ्याच आकारांतून रोमन स्टेन्सिल अक्षरे रचली होती, आणि त्यांत मधल्या फटी अक्षराच्या रचनेचाच भाग झाल्या होत्या. आपल्या लिपीची तोडलेली शिरोरेषाही अशीच देखणी व्हावी, यासाठी आमचे विद्यार्थी एकेक शब्द पुन्हा पुन्हा काढून पाहत आहेत.

आम्हाला सर्वाधिक गरज आहे ती जाड पारदर्शक प्लास्टिक शीटची. पुठ्ठा रंगाने भिजून फुगतो आणि त्याची कड लवकर बोथट होते. त्याखालोखाल कटरची नवी पाती हवी आहेत, कारण बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि हात निसटतो तो तेव्हाच. कापण्यासाठी मॅट, मास्किंग टेप, पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग, स्पंज आणि आखूड केसांचे गोल ब्रशही चालतील. स्प्रेचे डबे मात्र कृपया देऊ नयेत. लहान मुलांच्या वर्गात ते आम्ही वापरत नाही. जवळजवळ कोरडा ब्रश उभा धरून रंग टिपत गेले की कडा स्वच्छ येतात, आणि ती पद्धत मुलांच्या हातात आता बसली आहे.

ज्यांना वस्तू देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा, ही विनंती. पाते चालवणाऱ्या दर चार मुलांमागे एक मोठी व्यक्ती शेजारी बसलेली असावी, असा आमचा नियम आहे, आणि माणसे कमी पडल्यामुळे काही गटांचे कापण्याचे काम थांबले आहे. चित्रकला येण्याची अट नाही. रोख देणगीही पावती देऊन स्वीकारली जाईल आणि ती केवळ याच साहित्यावर खर्च होईल.

घरात जुन्या एक्स-रे फिल्म पडून असतील तर त्याही जरूर द्याव्यात. त्या चिवट असतात आणि त्यांवर पाते सफाईने चालते. फक्त देण्यापूर्वी रुग्णाचे नाव असलेला भाग कापून काढावा.